ऊन कचऱ्याच्या डब्यायले

चाचा,

तुमी मिस्त्री होते अन् मी तुमच्या हाताखाली घमेले वाहणारी रेजा, म्हणून तुमालेच लिहून राह्यली. घरात सांगितलं तं म्हणतात, बुढी इमानात बसून आली तवापासून जास्तच बोलते. तुमाले तरी कळन. मी अशा गावात राहून आली चाचा, जिथी भर हिवाळ्यात कचऱ्याच्या डब्यायले ऊन अन् माणसाले सावली. बर्फ गुडघ्याएवढा, अन् बसाचे बाकडे सावलीत. आणि हे ज्यानं आखलं त्याले बक्षीस भेटलं म्हणे. त्याचा फोटो इमारतीच्या खाली दरवाज्यापाशी काचेत लावून ठेवला होता, हसून राह्यला होता फोटोत. तुमच्या हाताखाली असता तं पहिल्या दिवशीच तुमी त्याले रेती चाळाले बसवलं असतं.

मी तिकडं काऊन गेली ते सांगते. माझी धाकटी पोरगी तुमाले आठवत असन, साईटवर रेतीच्या ढिगावर खेळे ती. तुमच्या डब्यातल्या शेवया खाऊन टाके अन् तुमी म्हणत, "ये बाई मेरा रोजा रखवाएगी." ती शिकली, ब्रह्मपुरीच्या कॉलेजातून नागपूरले गेली, तिथून नवऱ्यासंगं पार उत्तरेकडच्या एका थंड देशात. तिचं पहिलं बाळंतपण होतं. सासू नाई, कोणी नाई, मंग आई नाई जाईन तं कोण जाईन? जावयानं तिकीट काढलं. मी डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, ओवा, सगळं बांधून घेतलं अन् गेली. ऐन हिवाळा होता.

तुमाले थंडी माहीत नाई चाचा. आपली थंडी म्हणजे पौषात दोन शेकोट्या अन् एक घोंगडं. तिकडं सकाळी नऊ वाजेपर्यंत अंधार, अन् तीन वाजले का पुन्हा अंधार. मधातला जो उजेड आहे तोही राखेच्या रंगाचा. आभाळ म्हणजे कोणी जर्मनचा गंज उपडा ठेवला डोक्यावर असं. आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाई, अन् दिसला तरी डोक्यावर येत नाई. दक्षिणेकडून बांधाआडून डोकावल्यासारखा डोकावते, तिरपा तिरपा चालते, अन् जाते. अशा गावात घर बांधाचं तं मिस्त्रीनं पहिली गोष्ट कोणती पाहाले पायजे? मी चारच बुकं शिकली, पण हे मलेही कळते.

अन् यायनं काय बांधलं? चार इमारती, सात-सात, नऊ-नऊ मजल्याच्या, चारही बाजूनं उभ्या. मधात चौक. चौकात दगडाचे बाकडे, गोल गोल, लय सुंदर. दक्षिणेची इमारत सगळ्यात उंच. म्हणजे त्या चौकात नोव्हेंबरापासून ऊन शिरतच नाई. आणि दोन इमारतीच्या मधात जी फट ठेवली, त्याच्यातून वारा असा घुसे की डोळ्यातून पाणी काढे. त्या दगडाच्या बाकड्यावर चार महिन्यात मी एक माणूस बसलेला पाह्यला नाई. एक कावळा पाह्यला, तोही उठून गेला.

फोटोच्या बाजूले या इमारतीचं चित्र लावलं होतं. त्याच्यात झाडं हिरवीगार, लोक अर्ध्या बाह्याच्या कपड्यात, एक बाई गवतावर पडून बुक वाचून राह्यली. मी जावयाले इचारलं, "हे कधीचं?"

म्हणे, "बांधाच्या पहिले काढलेलं चित्र आहे आई. असं होईल म्हणून."

"मंग याच्यात बर्फ कुठी आहे?"

"चित्रात बर्फ कोण काढते आई?"

पाहा आता. सहा महिने बर्फ, अन् चित्रात बर्फ कोण काढते! लग्न जमवाले पोराचा फोटो दाखवतात तसं. मले तं तवाच संताप आला होता, पण पोटुशी पोरगी घरात, मी चूप बसली.

तुमची मले तवा लय आठवण झाली. खरं सांगते, चांगली आठवण नव्हती. तुमी मले उन्हात बसवत ती आठवली. नवीन घराची आखणी करायच्या पहिले तुमी मोकळ्या जागेत एक काठी रोवत अन् मले खुंट्यायची मोळी देऊन दिवसभर तिथी बसवत. शाळेची घंटा झाली का काठीच्या सावलीच्या टोकाशी एक खुंटी ठोक. संध्याकाळी तुमी येऊन त्या खुंट्या पाहत, बिडी ओढत, अन् मंग सुतानं घराची रेघ मारत. मालकानं काही म्हटलं तं म्हणत, "पहले धूप से पूछते, फिर मालक से." मले वाटे, रेजा आहे, हिची मजुरी सगळ्यायच्या खाली, म्हणून हिले फालतू कामावर बसवते बुढा. बाकीच्या बाया घमेले वाहता वाहता हसत माझ्यावर. "आली, सावलीची राखणदार आली."

म्हणून मी एकदा झोपली. चिमूरच्या रस्त्यावरचं ते मास्तरचं घर. मोहाच्या झाडाखाली पडली तं डोळा लागला, दुपारच्या दोन घंटा गेल्या, अन् संध्याकाळी मी अंदाजानं खुंट्या ठोकून दिल्या. तुमाले तवा कळलं नाई. घर झालं. पुढच्या मे महिन्यात चार वाजता तुमी मले त्या घरी नेलं अन् सैपाकघराच्या दारात उभं केलं. मास्तरची बायको चुलीपुढं भाकरी थापून राह्यली होती अन् पश्चिमेच्या खिडकीतून ऊन सरळ तिच्या पाठीवर. लुगडं पाठीले चिकटलं होतं. ती बिचारी म्हणे, "बसा चाचा, चहा टाकते." तुमी तिच्यापुढं एक शब्द बोलले नाई. बाहेर आल्यावर मले म्हटलं, "हे खिडकी तुझ्या झोपेनं बांधली. तू एक दुपार झोपली, ते बाई जनमभर भाजन." मी रडली तं म्हणे, "रडू नको. उद्यापासून खुंटी नीट ठोक." दुसऱ्या दिवशी तुमी स्वतःच्या हातानं ती खिडकी बुजवली अन् उत्तरेकडून नवीन फोडली. मी विटा दिल्या. 

अन् जिवतीचंही आठवलं. तिकडं डोंगरात आपण एक घर बांधलं होतं, मालकाचा बुढा बाप पौषातल्या सकाळी थरथरत अंगणात ऊन शोधत फिरे. तिथी तुमी सगळं उलटं केलं. बसाची छपरी उत्तरेकडून उचलून दक्षिणेले आणली, समोरचा मांडव काढून टाकला. मी म्हटलं, "चाचा, हे तं उन्हात येईन." तुमी म्हटलं, "याले ऊनच पायजे बह्याडे. इथल्या माणसाले काय पायजे ते पाह्य, तुले काय पायजे ते नोको पाहू." घर झाल्यावर तो बुढा भिंतीले पाठ लावून बसला, बिडी पेटवली अन् गोंडीत काही बोलला. सगळे हसले. त्याच्या पोरानं सांगितलं, "म्हणते, ही भिंत माझ्या बुढीपेक्षा गरम आहे."

हे सगळं मले माहीत होतं चाचा. लक्षात ठेवा.

तं पोरगी बाळंत झाली. मुलगी झाली, चांगली, वजनदार. तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरी आणलं. मी घर हातात घेतलं. आपल्या इथी बाळंतिणीची खोली कशी असते? अंधारी, गरम, बंद. खिडकीले पोतं, दाराले पडदा, बाजेखाली शेगडी. वारं नाई लागलं पायजे, नजर नाई लागली पायजे. मी तिकडं तशीच खोली केली. शेगडी जमली नाई, ओव्याची धुरी दिली तं छतावरचा भोंगा बोंबलला अन् शेजारचे धावत आले, ते एक सोडून द्या. पण पलंग खिडकीपासून ओढून आतल्या भिंतीले लावला. खिडकीले जाड ब्लँकेट चिकटपट्टीनं चारही बाजूनं पक्कं केलं. जावई म्हणे, "आई, थोडा उजेड..." मी म्हटलं, "तुमी ऑफिसात जा. बाळंतपणं मी पाह्यली, तुमी नाई."

पोरगी बसून राहे. पहिले मले वाटलं थकली. मंग पंधरा दिवस झाले, वीस झाले. बाळाले दूध पाजे, पण भिंतीकडं पाहून पाजे. लाडू दिला तं हातातच धरून ठेवे. एक दिवस मी म्हटलं, "पाह्य कशी हसून राह्यली तुझ्याकडं पाहून." ती म्हणे, "दिसते आई. ती हसते ते दिसते, ती रडते ते दिसते. मले काहीच होत नाई." चाचा, ही ती पोरगी, जी रेतीच्या ढिगावरून उतराले तयार नव्हती.  नजर लागली म्हणून मी मीठमोहऱ्या ओवाळल्या. जावई रात्रंदिवस मोबाईलवर काहीतरी वाचे अन् तोंड उतरवून बसे.

मंग सरकारी नर्स आली. तिकडं बाळंतिणीच्या घरी नर्स येते, पद्धत आहे. उंच, पोरगीच म्हणा. खोलीत पाय ठेवला अन् थांबली. सरळ खिडकीपाशी गेली अन् चिकटपट्टी ओढून ब्लँकेट खाली काढलं. जावयाच्या तोंडून मले सांगितलं, इथी हिवाळ्यात उजेड औषधासारखा देतात, हिले जितका वेळ उजेड आहे तितका वेळ खिडकीत बसवा, अन् सूर्य निघाला तं बाहेर न्या. डॉक्टरकडं पाठवाची चिठ्ठीही दिली. मले लय राग आला. माझ्या पोरीच्या खोलीत येऊन माझं बांधलेलं काढते! मी म्हटलं, "हिले सांगा, आमच्यात बाळंतिणीले वारं लागू देत नाई." जावई काय बोलला माहीत नाई, बराच वेळ बोलला, अन् ती नर्स माझ्या खांद्यावर हात ठेवून गेली.

ब्लँकेट निघालं तं निघालं. पण खिडकीतून काय दिसे? समोरच्या इमारतीची भिंत. राखाडी आभाळ, राखाडी भिंत. खिडकी होती, खिडकीत सूर्य नव्हता, एक मिनिटही नव्हता. तवा माझा सगळा राग त्या फोटोतल्या माणसावर गेला. मी जावयाचा कोट घातला, दोन मोजे चढवले, अन् खाली उतरली ऊन शोधाले.

सहा दिवस सूर्यच निघाला नाई. रोज अकराले मी चौकात उभी. खालच्या मजल्यावर एक बुढी राहे, माझ्यापेक्षाही बुढी, चाकाची गाडी ढकलत चाले. ती खिडकीतून मले पाहे. सातव्या दिवशी आभाळ फाटलं. खुंट्या कुठून आणू? जमीन गोट्यासारखी, पण बर्फ होता ना, बर्फात काहीही रुतते. मी पोरीच्या सैपाकघरातले लाकडाचे चमचे, उलथनं, लाटणं, सगळं घेऊन खाली गेली. जिथी जिथी उन्हाची कड आली तिथी एक चमचा. ती बुढी बाहेर आली, पाहत राह्यली, तिच्या भाषेत काही बोलली. मी आपल्या भाषेत सांगितलं, "बाई, ऊन मोजून राह्यली." तिनं वर पाह्यलं, खाली पाह्यलं, अन् घरात जाऊन आपलेही दोन चमचे घेऊन आली. मिस्त्रीच होती म्हणा ना मागच्या जनमाची.

अन् ऊन कुठी आलं? दोन इमारतीच्या फटीतून तिरपं आलं, चौक सोडून दिला, दगडाचे बाकडे सोडून दिले, अन् मागच्या भिंतीले जाऊन लागलं. सव्वा तास. ती भिंत वाऱ्यापासूनही आडोशाले. त्या चार इमारतीत बसाची तेवढीच जागा. अन् तिथी काय ठेवलं होतं? कचऱ्याचे डबे. कागदाचा वेगळा, काचेचा वेगळा, मच्छीचा वेगळा, रांगेनं आठ डबे उन्हात शेकत बसले होते, जिवतीच्या बुढ्यासारखे.

असं नोका समजू चाचा की तिकडं कोणाले अक्कलच नाई. जावई मले एकदा जुन्या वस्तीत घेऊन गेला होता. तिथी लाकडाची बसकी घरं, पिवळी, तांबडी, म्हणजे राखाडी दिवसातही डोळ्याले रंग भेटते. गल्ल्या वाकड्या, का तं वारा सरळ धावू नये. दाराआधी एक छोटी खोली, आधी एक दार मंग दुसरं, म्हणजे थंडी दारातच थांबते. अन् दक्षिणेच्या भिंतीले लाकडाचे बाकडे. लोक कोट-टोपी घालून, डोळे मिटून, तोंड वर करून उन्हात बसले होते, दुकानाबाहेरही, कुठीही. दोनशे वर्सापहिले त्यायच्याकडंही कोणी खुंट्या ठोकत बसलं असन. मंग नवीन लोकायनं ते काऊन सोडलं? आपल्याकडं तरी काय आहे! परवा जीपमधून पाह्यलं, एका दुकानदारानं तीन मजली इमारत पश्चिमेकडून नुसती काचेची केली, तिकडचा फोटो पाहून. आता आत पाच पाच मशिनी लावून थंड करते. तिकडचं इकडं, इकडचं तिकडं, अन् भोगते कोण?

महिन्याची सोसायटीची मीटिंग होती, मी जावयाले म्हटलं मले घेऊन चला. तो म्हणे, "आई, इथी असं कोणी बोलत नाई."

"मंग तुमी बोला. मी सांगते, तुमी तिकडच्या भाषेत करा."

गेलो. पंधरा-वीस लोक, सगळ्यायले कॉफी. अध्यक्ष एक जवान माणूस, लय सभ्य. मी म्हटलं डबे चौकात न्या अन् एक बाकडं भिंतीपाशी आणा. तो म्हणे, डब्यायची जागा गाडीच्या सोयीनं ठरली, अन् चौक हा लोकायनं एकत्र यावं म्हणून आखला आहे, त्याच्यात बदल कराले आखणाऱ्याची परवानगी लागते. मी म्हटलं, "एकत्र कोण आलं इचारा. बर्फ अन् वारा आला." जावयानं हे सांगितलं का नाई देव जाणे, त्याचे कान लाल झाले होते. मंग मी म्हटलं, "आता हे शब्दाशब्द सांगा. ज्यानं हे बांधलं तो हिवाळ्यात इथी कधी कोणाच्या घरी जेवाले आला का?"

कारण तुमी जात होते चाचा. घर झालं का त्या घरी वर्सातून तीनदा जेवाले जात, उन्हाळ्यात, पावसात, थंडीत. लोकायले वाटे बुढा खादाड आहे. तुमी जेवता जेवता छताकडं पाहत, कवेलू कुठून गळते, वारं कुठून येते, धूर कुठी अडते.

जावयानं सांगितलं.  मंग ती खालची बुढी हसली, मोठ्यानं हसली, अन् हात वर केला. तिच्या मागं आणखी दोघातिघायनं केला. अध्यक्षानं लिहून घेतलं अन् म्हटलं पुढच्या मीटिंगमध्ये पाहू. आपल्या ग्रामपंचायतीसारखंच. पुढची मीटिंग महिन्यानं, तवा माझी पोरगी कुठी असती?

दोन दिवसानं पुन्हा ऊन पडलं. मी अन् त्या बुढीनं मिळून डबे ढकलले. डब्यायले चाकं होती चाचा! चाकं होती अन् म्हणे परवानगी लागते! कागदाचा अन् काचेचा बाजूले केला, बुढीनं आपल्या घरातल्या दोन लाकडी खुर्च्या दिल्या. मी पोरीले उठवलं. नाई म्हणे, थंडी आहे म्हणे, उद्या जाऊ म्हणे. मी ऐकलं नाई. तिले गुंडाळलं, नातीले गुंडाळलं, खाली आणून त्या भिंतीले पाठ लावून बसवलं. ऊन तोंडावर. नातीनं डोळे बारीक केले अन् शिंकली. पोरगी तशीच बसली, दगडासारखी. मी बाजूले उभी. बुढी तिकडं उभी.  बराच वेळ गेला, मले वाटलं सगळं वाया गेलं.

मंग पोरगी म्हणे, "आई, इथी मच्छीचा लय वास येऊन राह्यला."

मी म्हटलं, "येऊ दे."

"तुले दुसरी जागा नाई भेटली का?"

"नाई भेटली."

"मले चहा पायजे. आल्याचा. पाण्यासारखा नोको करू."

महिनाभरात पहिल्यांदा तिनं काही मागितलं होतं, अन् काही नाव ठेवलं होतं. मी लिफ्टची वाट पाह्यली नाई, जिन्यानं पाच मजले चढली. वर जाऊन गॅसपाशी उभी राहून रडून घेतलं, आलं ठेचता ठेचता.

एका दिवसात काही झालं नाई. डॉक्टरनं गोळ्या दिल्या, नर्स येत राह्यली, ते मी नाकारत नाई. पण जितके दिवस ऊन निघे तितके दिवस आम्ही तिथी. मंग आणखी लोक आले, एक लेकुरवाळी आली, एक काठीवाला बुढा आला. मी निघाची होती तवा सोसायटीनं दोन डबे अधिकृत हलवले अन् तिथी एक लाकडाचं बाकडं ठोकलं. बाकड्यावर पाटी लावली. काय लिहिलं ते जावयानं सांगितलं, या जागी बसाची परवानगी आहे म्हणून. बसाची परवानगी!

आता हे मी इथी सगळ्यायले सांगितलं. नातेवाईकायले, बाजारात, जीपमधल्या बायायले. सगळे हसतात अन् त्या फोटोतल्या माणसाले शिव्या देतात. पोरगीही फोनवर सगळ्यायले सांगे, "आईनं वाचवलं मले, नाई तं त्या इमारतीनं मारलं होतं." मी ऐकून घेई. ऐकाले बरं वाटे.

या मे महिन्यात ते आले, नातीले घेऊन. नात आता चालते, बोलते, आपल्या भाषेतही बोलन एखाद दिवशी. पण पोरगी काय करते तं भर दुपारी, बाहेर डांबर वितळून राह्यलं तरी, खोलीची खिडकी उघडते. सताड उघडते. सूनबाई म्हणे, "ताई, लू येते आतमधी, लावून घ्या ना." तिनं एवढंच म्हटलं, "मले अंधार नाई सहन होत वहिनी." अन् सूनबाईनं माझ्याकडं पाह्यलं, मी तिले शिकवलेलं होतं ना, अकरा वाजले का खिडक्या बंद, ओली चादर बांध. काल खोली भट्टी झाली होती. नात घामानं ओलीचिंब झोपलेली. मी ओलं लुगडं घेऊन उठली, खिडकीले बांधाले हात वर केला. पोरगी पलंगावरून माझ्याकडं पाहून राह्यली. मी लुगडं पिळलं, नातीच्या अंगावर टाकलं, अन् खाली बसून विंझण्यानं वारा घालत राह्यली.

म्हणून आज हे लिहाले बसली. तुमी गेले त्याले इतकी वर्सं झाली, तुमच्या पत्त्यावर टपालवाला जात नाई, अन् जात असता तरी मी हे टाकलं नसतं. त्या फोटोतल्या माणसाची चूक आहे, ती मी मरेपर्यंत सांगीन. पण एक गोष्ट मी कोणालेच सांगितली नाई. घरी आणल्यावर तिसऱ्याच दिवशी पोरीनं म्हटलं होतं, "आई, खिडकी थोडीशी उघड ना." मी तिले म्हटलं, बाळंतिणीनं जास्त बोलू नये. अन् ब्लँकेटच्या एका कोपऱ्यातून उजेड येऊन राह्यला होता, तिथी चिकटपट्टीचा आणखी एक पट्टा मारला.